जपानचा धडा

२९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियो शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. ही पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती थेट २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. मधल्या काळात, मार्च २००९ मध्ये, तो सुमारे ७,०५५ पर्यंत घसरला होता.

निर्देशांकावर आधारलेल्या फंडाचा खर्च कमी असतो आणि एखादी कंपनी बुडाली तरी गुंतवणूकदार बुडत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु साऱ्या कंपन्या एकाच देशातील असल्या, की जमिनीचे फुगलेले भाव, बँकांची बुडीत कर्जे आणि वृद्ध होत जाणारी लोकसंख्या यांचा फटका सर्वांनाच कमीअधिक बसतो. दरमहा थोडथोडी रक्कम गुंतविणाऱ्यांना पडत्या भावाचा लाभ तरी झाला. आयुष्याची पुंजी १९८९ मध्ये एकरकमी गुंतविणाऱ्यास तुटपुंज्या लाभांशावर ३४ वर्षे काढावी लागली.

भारतात निफ्टीवर आधारलेल्या फंडांकडे बचतीचा ओघ वाढत आहे. ज्याची नोकरी, घर व ठेवी याच देशात आहेत, त्याने पुंजीचा काही भाग तरी अन्यत्र ठेवणे हा देशद्रोह नव्हे, विवेक आहे. जपानच्या उत्कर्षाला अंत नाही, असे १९८९ मध्ये जाणतेही म्हणत होते.