बव्हेरियातील डिंभ-जीवाश्म : संग्राहकाचे कपाट की संग्रहालय?

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील सोल्नहोफेन व आइखश्टेट परिसरातील चुनखडकाच्या खाणींनी मे 2025 मध्ये पुन्हा जगाचे लक्ष वेधले. येथील आर्किऑप्टेरिक्स या आद्यपक्ष्याच्या एका नमुन्याचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनेक वर्षे खासगी मालकीत राहिलेला हा नमुना शिकागोच्या फील्ड संग्रहालयाकडे आल्यावरच संशोधकांना खुला झाला.

आद्यपक्ष्याला असे भाग्य लाभते. मात्र त्याच खडकात सापडणाऱ्या, काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर आकाराच्या कवचधारी जीवांच्या डिंभांचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

विरून जाणारे देह

शेवंड, खेकडा यांसारखे प्राणी अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांचे रूप प्रौढांहून सर्वस्वी भिन्न असते. या अवस्थेला डिंभ म्हणतात. शेवंडीचा डिंभ पानासारखा चपटा, पारदर्शक व लांब पायांचा असतो. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारी शेवंडही याच अवस्थेतून जाते. असा नाजूक देह मृत्यूनंतर सहसा मागमूसही ठेवत नाही.

सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, बव्हेरियातील उथळ खाजणांच्या तळाशी अतिसूक्ष्म चुन्याचा गाळ साचला. तळाच्या खाऱ्या, प्राणवायूहीन पाण्यात कुजण्याची क्रिया मंदावली आणि हे देह टिकले. याच सूक्ष्म कणांच्या दगडावर 18व्या शतकाच्या अखेरीस शिळाछापाचे तंत्र विकसित झाले. मराठीतील आरंभीची अनेक पुस्तके याच तंत्राने छापली गेली.

19व्या शतकात या डिंभांचे लांब पाय पाहून अभ्यासकांनी त्यांना कोळ्याच्या वर्गातील जीव मानले होते. आता अतिनील प्रकाशात हे जीवाश्म चमकतात व साध्या डोळ्यांना न दिसणारे अवयव स्पष्ट होतात.

हौशी संग्राहकांचे योगदान

येथील खाणींत दगडाच्या पाट्या आजही हातोडी-छिन्नीने उकलल्या जातात. आइखश्टेटजवळच्या ब्लूमेनबेर्ग येथील खाणीत शुल्क भरून पर्यटकही जीवाश्म शोधू शकतात. फिकट डागासारखा दिसणारा डिंभ ओळखण्यास सरावलेली नजर लागते. ती बहुधा वर्षानुवर्षे खाणीत राबणाऱ्या हौशी संग्राहकांकडेच असते. त्यांच्याविना यातील कित्येक नमुने दगडांच्या ढिगाऱ्यात गेले असते.

परंतु एकट्या डिंभावरून फारसे काही सिद्ध होत नाही. वाढीच्या एकामागून एक अवस्था लावून पाहण्यासाठी अनेक नमुने शेजारी ठेवावे लागतात. ते निरनिराळ्या घरांतील कपाटांत विखुरले, तर ही साखळी जुळत नाही.

याउलट एखादा दुर्मिळ नमुना अभ्यासकांपर्यंत पोहोचला तर काय साधते, हे 2015 मध्ये दिसले. योआखिम व कॅरोलिन हाउग आणि जोएल मार्टिन यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये येथील खेकड्याच्या डिंभाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेगालोपा अवस्थेतील तो पहिलाच ज्ञात जीवाश्म होता. आजच्या खेकड्यांसारखे जीवनचक्र 15 कोटी वर्षांपूर्वीच आकाराला आले होते, असे त्यावरून सूचित झाले.

कायद्याची मर्यादा

राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याची निर्यात नियंत्रित करणारा कायदा जर्मनीने 2016 मध्ये लागू केला. खासगी संग्राहकांनी त्यास तीव्र विरोध केला होता. मात्र अशा नियमांत वस्तूचे वय व बाजारमूल्य यांना मोठे स्थान असते. डिंभाचे मोल बाजारभावात मोजता येत नाही.

धोका केवळ निर्यातीचा नाही. 1956 मध्ये सापडलेला आर्किऑप्टेरिक्सचा एक नमुना 1991 मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर बेपत्ता झाला. प्रसिद्ध आद्यपक्ष्याची ही गत, तर नोंदही नसलेल्या डिंभाचा शोध कोण घेणार?

संग्रहावर सरसकट बंदी घातल्यास शोधणारे हातच थांबतील. खाण, थर व तारीख यांची नोंद ठेवणे, उकललेल्या पाटीचे दोन्ही भाग एकत्र जपणे आणि संग्राहकाच्या हयातीतच महत्त्वाचे नमुने संग्रहालयाकडे सुपूर्द होणे, हाच अधिक व्यवहार्य मार्ग दिसतो.