रामलिंग मुदगडचे वस्ताद

आपल्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण. गावात तालीम म्हटले की लाल माती, लंगोट आणि वस्ताद. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना दोन्ही अर्थ लागू पडतात.

१९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंद. तेव्हा लातूर स्वतंत्र जिल्हाही नव्हता. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. सतपाल म्हणजे गुरू हनुमानांचा शागीर्द, पुढे ऑलिंपिक पदकविजेत्या सुशील कुमारचा गुरू. ती कुस्ती जुनी माणसे अजून रंगवून सांगतात.

मला मात्र बिराजदारांचे नंतरचे काम मोठे वाटते. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यातलाच. वडील पहिलवान, पण पुढच्या तयारीसाठी पोराला पुण्यालाच धाडावे लागले. २०११ मध्ये वस्ताद गेले, तेव्हा राहुलची उमेद खचायला हवी होती. त्याला हाताशी धरले काका पवारांनी. तेही लातूर जिल्ह्याचेच, ग्रीको-रोमन कुस्तीतले अर्जुन पुरस्कार विजेते.

मातीत पाठ टेकवली की निकाल. मॅटवर गुण मोजतात, सहा मिनिटांत दम आणि डोके दोन्ही लागते. जत्रेतल्या इनामाच्या कुस्त्यांवर वाढलेल्या पोराला हा बदल जड जातो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला राहुल जाऊ शकला नाही. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असे हरवले आणि ते सुवर्ण बिराजदारांच्या नावे केले. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य.

आता घरातले बोलू. शिकवणीसाठी लातूर-नांदेडला दूरदूरची मुले येतात, खोल्या मिळत नाहीत. पहिलवानकी करायची तर आपलाच मुलगा पुण्या-कोल्हापूरला पाठवायचा. दूध, तूप, बदामाचा खुराक वेगळा. एवढ्या नामांकित वस्तादांच्या जिल्ह्यात चांगली मॅट आणि राहण्याची सोय तालुक्यालाच का नसावी? नगरपालिकेत मत मागायला येणाऱ्यांना हे विचारायला हरकत नाही.

आणि अम्मीचा पहिला सवाल असतो, नोकरीचे काय? राहुल महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला.