पुरुष शिक्षक : जपानमध्ये बहुसंख्य, लात्वियात दुर्मीळ

जपानच्या निम्न माध्यमिक शाळांत, म्हणजे सातवी ते नववीच्या वर्गांत, सुमारे अडीच लाख शिक्षक आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक पुरुष आहेत. लात्वियाची सारी लोकसंख्याच एकोणीस लाखांच्या घरात. तेथील पुरुष शिक्षकांचा आकडा जपानच्या आकड्याशेजारी मांडला, तर तो नगण्यच दिसणार. देशवार संख्यांच्या याद्यांत लहान प्रदेश नेहमी तळाशीच सापडतात. २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचौदा लाख भरलेल्या गोव्यातील वाचकाला हे वेगळे सांगायला नको. तुलना करायची ती प्रमाणाची.

ओईसीडीच्या २०१८ मधील ‘टॅलिस’ सर्वेक्षणानुसार या स्तरावर जपानमध्ये ५८ टक्के शिक्षक पुरुष होते, लात्वियात केवळ ११ टक्के. ओईसीडी देशांची सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास होती.

लात्वियातील स्थितीचे मूळ सोव्हिएत काळात सापडते. शिक्षकी पेशा तेव्हाच स्त्रियांचा झाला होता. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतरही वेतन तुटपुंजेच राहिले आणि २००९ च्या आर्थिक संकटात त्याला मोठी कात्री लागली. २०२३ च्या एप्रिलमध्ये शिक्षक तीन दिवस संपावर गेले, ते वेतन आणि कामाचा भार या प्रश्नांवरच. तेथील निम्मे शिक्षक पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या तरुणांत पुरुष किती असतील, हा प्रश्न त्या देशापुढे उभा आहे.

मग जपानने हा प्रश्न सोडवला आहे काय? तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९७४ च्या कायद्याने शिक्षकांचे वेतन इतर सरकारी कर्मचाऱ्यांहून वरचढ ठेवण्याचे धोरण आखले गेले, हे खरे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. परंतु याच सर्वेक्षणात जपानी निम्न माध्यमिक शिक्षकाचा कामाचा आठवडा ५६ तासांचा भरला. सर्व सहभागी देशांची सरासरी ३८ तासांची होती. शाळा सुटल्यानंतरचे क्रीडा व कला उपक्रम, ज्यांना तेथे ‘बुकात्सु’ म्हणतात, आठवड्याचे साडेसात तास घेत होते. घरची जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलल्याशिवाय असे वेळापत्रक निभत नाही, आणि ती बहुधा पत्नीच उचलते. शिक्षकांत ४२ टक्के असलेल्या स्त्रिया मुख्याध्यापकपदी मात्र अवघ्या ७ टक्के होत्या. पुरुषांचे बहुमत इथे व्यवसायाच्या आकर्षणाइतकेच त्याच्या जाचातूनही आले आहे, असे माझे मत आहे.

या जादा तासांचा मोबदलाही नाममात्रच. १९७१ च्या कायद्याने जादा कामाच्या वेतनाऐवजी मूळ पगाराच्या चार टक्के रक्कम ठरवून दिली आणि ती अर्धशतक तशीच राहिली. २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत नेण्याची दुरुस्ती झाली; त्याआधी, २०२३ पासून, सुट्टीच्या दिवसांतील बुकात्सु स्थानिक संस्थांकडे सोपवायला आरंभ झाला होता. ही घाई उगाच नाही. २००० साली सरकारी शाळांतील शिक्षकाच्या एका जागेमागे तेराहून अधिक उमेदवार परीक्षेला बसत. २०२४ च्या भरतीत ते तीनच्या आसपास उरले होते.