साठ दिवसांनंतरच्या वेदनेचा जाहीरनामा

आम्ही नसबंदी करून घेतलेले पुरुष आहोत. आम्ही त्यांच्या बायका आहोत, त्यांना शिबिरापर्यंत घेऊन गेलेल्या आशा सेविका आहोत, त्यांना तपासणारे डॉक्टर आहोत. संततिनियमनाचा भार नवऱ्यानेही उचलावा, हे आम्हाला मनापासून पटलेले आहे. हा भार उचलणाऱ्यांपैकी काहींच्या वाट्याला शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दुखणे येते. त्या दुखण्याची आजवर ना कुठे नोंद झाली, ना त्यावर नीट उपचार झाले. यापुढे दोन्ही होतील. त्यासाठी हा जाहीरनामा.

काय चुकते आहे

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. शरीराविषयी मोकळेपणाने बोलल्याबद्दल त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले, तरी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालूच ठेवले. १९५२ साली भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. एवढा वारसा असलेल्या देशात हे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांच्या अंगावर पडले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आढळले. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, लहान आणि कमी धोक्याची असूनही ही स्थिती आहे.

पुरुष मागे का सरला, याचे एक उत्तर आणीबाणीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. १९७६ सालीच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. सक्ती गेली, पण ‘केस’ मोजण्याची सवय मागे राहिली. शिबिरात किती झाल्या, हे वरपर्यंत कळवले जाते. झालेल्यांचे पुढे कसे चालले आहे, हे विचारायला कोणी परत येत नाही.

ज्याला दुखते, तो माणूस आमच्या घरात आहे, आमच्या शेजारी आहे. एसटीत जागा रिकामी असली तरी तो उभा राहतो. मोटारसायकलवर खड्डा दिसला की पायांवर भार देऊन सीटवरून उठतो. उसाची मोळी उचलताना त्याच्या जांघेतून कळ निघते आणि ओटीपोटापर्यंत जाते. शरीरसंबंधानंतर दोन-दोन दिवस ठणका राहतो, म्हणून तो बायकोपासून लांब झोपतो आणि कारण सांगत नाही. दवाखान्यात सोनोग्राफी होते, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येते आणि त्याला ऐकावे लागते, ‘काही नाही, मनाचं आहे.’ अँटिबायोटिकचा एक कोर्स संपतो, दुसरा सुरू होतो. घरी आई म्हणते, ‘तरी सांगत होते, हे बाईमाणसानं करून घ्यायचं असतं.’ आणि बायको स्वतःलाच दोष देत गप्प बसते.

आता व्यवस्थेची पोकळी पाहा. सरकारच्या कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेत गुंतागुंतीच्या उपचारांचा खर्च मिळतो, पण तो रुग्णालयातून घरी सोडल्यापासून ६० दिवसांपर्यंतचा. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे तीन महिने टिकले, की वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन वेदना म्हणते. म्हणजे शास्त्र ज्या दिवशी या दुखण्याला नाव देते, त्याच्या महिनाभर आधीच योजनेचे दार लागलेले असते. आमचा माणूस त्या दोन तारखांच्या मधे उभा आहे.

आम्हाला काय ठाऊक आहे

नसबंदीत शुक्राणू वाहून नेणारी दोन्ही बाजूंची शुक्रवाहिनी कापून बंद करतात. चीनमध्ये ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत हे काम बारीकशा छिद्रातून होते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग कमी होतो. पुरुषी संप्रेरक तसेच राहते, कामेच्छा तशीच राहते, ताकद तशीच राहते. बहुतेक पुरुष काही दिवसांत कामाला लागतात आणि पुढे शस्त्रक्रियेची त्यांना आठवणही होत नाही. हे आम्ही ठासून सांगतो, कारण ते खरे आहे.

थोड्यांच्या बाबतीत तसे होत नाही, हेही तितकेच खरे आहे. वाट बंद झाली तरी वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात. वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषणात दाब वाढतो आणि ते फुगते. कापलेल्या टोकातून शुक्राणू बाहेर झिरपले, तर शरीर त्यांना परके मानते आणि तिथे गाठ धरते. जखम भरताना बारीक मज्जातंतू व्रणाच्या ऊतीत अडकतात. आणि दुखणे लांबले, की मज्जारज्जू आणि मेंदू यांतली वेदनेची यंत्रणाच हळवी होते. जखम बरी झाली तरी कळ थांबत नाही. सोनोग्राफीत यातले बरेचसे दिसत नाही. रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जगण्यावर परिणाम करणारी वृषणाची दीर्घकालीन वेदना नसबंदीनंतर सुमारे १ ते २ टक्के पुरुषांना होते. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सुमारे सात महिन्यांनी साधारण १५ टक्के पुरुषांना थोडाफार त्रास होता, आणि आयुष्य अवघड करणारी वेदना सुमारे १ टक्क्याला होती. शंभरात एक, असे म्हटले की आकडा लहान वाटतो. लाख शस्त्रक्रियांमागे तीच हजार माणसे होतात, हजार घरे होतात.

यावर उपचार आहेत आणि ते पायरीपायरीने करायचे असतात. आधी तपासणी, म्हणजे जंतुसंसर्ग, हर्निया, मूतखडा, कमरेच्या मणक्याचा आजार यांपैकी काही आहे का, हे पाहणे. मग विश्रांती, घट्ट लंगोट किंवा सपोर्टर आणि सूज उतरवणारी औषधे. जंतुसंसर्ग असेल तरच अँटिबायोटिक. त्याने भागले नाही, तर मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. त्यापुढे वृषणाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना बधिर करणारे इंजेक्शन. त्याने दुखणे तात्पुरते का होईना थांबले, तर ते मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली छेदण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. काही जणांना गाठ काढल्याने, काहींना अधिवृषण काढल्याने, काहींना शुक्रवाहिनी पुन्हा जोडल्याने आराम पडतो. पुन्हा जोडली तर मूल होण्याची शक्यताही परत येते, म्हणून तो निर्णय नवरा-बायकोने मिळून घ्यायचा असतो. वृषण काढणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि त्यानंतरही काहींचे दुखणे राहते. कोणता उपचार कोणाला लागू पडेल, हे आधी सांगणे कठीण आहे. म्हणूनच प्रत्येक रुग्णाची नोंद मोलाची आहे.

आम्ही काय मानतो

आम्ही मानतो की वेदना सांगणाऱ्याचा शब्द हाच उपचाराचा पहिला पुरावा आहे.

आम्ही मानतो की संमती म्हणजे सही नव्हे. शस्त्रक्रिया फसण्याची शक्यता जशी आधी सांगितली जाते, तशीच दीर्घकाळ दुखण्याची शक्यताही सांगितली गेली पाहिजे. धोका लहान आहे, हे समजून घेऊन दिलेला होकार अधिक पक्का असतो.

आम्ही मानतो की सत्य कार्यक्रमाचे नुकसान करत नाही, लपवाछपवी करते. ‘नसबंदी केली की जड काम जमत नाही’ ही अफवा गावात पसरते, कारण ज्याला खरोखर त्रास झाला त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच्यावर उपचार झाले असते, तर तोच माणूस चार जणांना धीर देत फिरला असता.

आम्ही मानतो की पुरुषाची वेदना मान्य केल्याने बाईच्या वेदनेचे मोल कमी होत नाही. पोट उघडून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या लाखो बायकांचेही दुखणे असेच ‘मनाचं आहे’ म्हणून उडवले गेले आहे. दोघांची लढाई एकच आहे.

आम्ही मानतो की मन आणि शरीर यांची भांडणे लावून कोणी बरा होत नाही. दुखणारा माणूस खचतो, त्याची झोप जाते, संसारावर ताण येतो. समुपदेशन हा त्याच्या उपचाराचा भाग आहे, त्याच्यावरचा संशय नव्हे.

आम्ही काय करणार

एक : तिसऱ्या महिन्याची चौकशी. नसबंदीनंतर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी होते आणि मगच प्रमाणपत्र मिळते. म्हणजे दुखणे दीर्घकालीन ठरण्याच्या नेमक्या वेळी पुरुष दवाखान्यात आलेला असतो. त्याच भेटीत त्याला दोन प्रश्न विचारले जावेत : दुखते का, आणि त्यामुळे कोणते काम अडते. या दोन ओळी नोंदवहीत आल्या, की पुरावा उभा राहू लागेल. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही.

दोन : ६० दिवसांची मर्यादा हटवणे. नसबंदीमुळे आलेल्या दीर्घकालीन वेदनेच्या उपचारांचा खर्च नुकसानभरपाई योजनेत यावा, ही मागणी आम्ही राज्य आणि केंद्र सरकारपुढे मांडू आणि मान्य होईपर्यंत लावून धरू.

तीन : नाव आणि नोंद. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. आमच्या केसपेपरवर ते निदान लिहिले जावे, असा आग्रह प्रत्येक रुग्ण धरेल.

चार : उपचारांची वाट. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाच्या मूत्ररोग आणि वेदना विभागांपर्यंत रुग्णाला चिठ्ठी देऊन पाठवण्याची ठरलेली पद्धत हवी. सूक्ष्म शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले सर्जन सरकारी रुग्णालयांत हवेत.

पाच : शिक्षण. आशा सेविकांसाठी, डॉक्टरांसाठी आणि जोडप्यांसाठी आम्ही सोप्या मराठीत माहितीपत्रक काढू. त्यात फायदे, धोके आणि त्रास झाल्यास कुठे जायचे, हे एकाच पानावर असेल.

सहा : संशोधन. या दुखण्यावरच्या उपचारांची मोठी, तुलनात्मक तपासणी फार थोडी झाली आहे. ज्या देशाने नसबंदीच्या शस्त्रक्रिया एवढ्या मोठ्या संख्येने केल्या, त्याने नसबंदीनंतरच्या वेदनेवरचे संशोधनही केले पाहिजे. त्यासाठी आमचे अनुभव आणि आमचे कागद आम्ही देऊ.

आवाहन

ज्यांना दुखते आहे, त्यांना आमचे सांगणे आहे : कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते, हे एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. बायकोला सांगा. दुखणे लपवणे म्हणजे मर्दपणा नव्हे.

ज्यांना नसबंदी करून घ्यायची आहे, त्यांनी जरूर करून घ्यावी. आधी सगळे विचारावे आणि मग निश्चिंत मनाने करून घ्यावी. काही झालेच, तर आम्ही सोबत आहोत.

डॉक्टरांना आमची विनंती आहे : ‘मनाचं आहे’ हे वाक्य सोडून द्या. ‘दुखतं आहे हे मी मानतो, आपण शोधू’ एवढे म्हणा. उपचार तिथून सुरू होतात.

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुरुष नसबंदी पंधरवडा सुरू होतो. भिंती रंगवल्या जातात, शिबिरे लागतात, पुरुषांना पुढे या म्हणून सांगितले जाते. येत्या पंधरवड्यात तुमच्या गावातल्या आरोग्य केंद्रात जा आणि एकच प्रश्न विचारा : याआधी जे पुढे आले, त्यांची चौकशी कोणी केली? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि आमच्यात सामील व्हा.