विश्लेषण : २४व्या वर्षी लक्झरी हॉटेलांची सूत्रं हाती, प्रिया पॉल यांच्या यशात वारसा किती, काम किती?

'देशातला सर्वांत तरुण हॉटेल जनरल मॅनेजर' अशी एखादी रील अधूनमधून व्हायरल होते. खाली कमेंट्स ठरलेल्या. एक, 'काय जिद्द आहे!' आणि दुसरी, 'बापाचं हॉटेल असणार.' 'द पार्क हॉटेल्स'च्या अध्यक्ष प्रिया पॉल यांची गोष्ट बघितली, तर या दोन्ही कमेंट्स अर्धवट वाटतात.

१९९० मध्ये काय घडलं?

अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजमधून अर्थशास्त्र शिकून आलेल्या प्रिया १९८८ मध्ये दिल्लीच्या 'द पार्क'मध्ये मार्केटिंग मॅनेजर म्हणून रुजू झाल्या. हॉटेल घरचंच होतं. वडील सुरेंद्र पॉल एपीजे या कोलकात्याच्या उद्योगसमूहात होते. एप्रिल १९९० मध्ये आसाममध्ये त्यांची हत्या झाली. या हत्येमागे 'उल्फा' ही सशस्त्र संघटना असल्याचं समोर आलं. त्यानंतर हॉटेल व्यवसायाची धुरा २४ वर्षांच्या प्रिया यांच्याकडे आली. कोलकाता, विशाखापट्टणम आणि दिल्ली अशी तीन हॉटेलं होती आणि गाठीला अनुभव जेमतेम दोन वर्षांचा.

एरवी इथवर पोहोचायला किती वेळ लागतो?

मुंबईत दादरला हॉटेल मॅनेजमेंटची सरकारी संस्था आहे. अशा ठिकाणाहून बाहेर पडलेली मुलं ट्रेनी म्हणून सुरुवात करतात. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन, मग विभागप्रमुख. मोठ्या हॉटेलात जनरल मॅनेजर होईपर्यंत दीड-दोन दशकं सहज जातात.

याचं कारण धंद्याच्या गणितात आहे. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. पगार, वीजबिल आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. समजा, १०० खोल्यांपैकी ७० भरल्या आणि सरासरी भाडं १०,००० रुपये मिळालं, तर प्रत्येक खोलीमागे उत्पन्न पडतं ७,००० रुपये. जनरल मॅनेजरची परीक्षा रोज याच आकड्यावर होते.

प्रिया यांनी वेगळं काय केलं?

१९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली आणि पुढे परदेशी साखळ्यांशी स्पर्धा वाढली. ताज, ओबेरॉय तर आधीपासून होतेच. आकारात त्यांच्याशी टक्कर देणं अवघड होतं. त्यामुळे 'पार्क'ने लहान पण वेगळ्या डिझाइनची हॉटेलं, म्हणजेच 'बुटीक हॉटेल' हा मार्ग धरला. चेन्नईचं 'द पार्क' २००२ मध्ये जुन्या जेमिनी स्टुडिओच्या जागेवर उभं राहिलं आणि त्याची सजावटही सिनेमाभोवती झाली. पुढे नवी मुंबईत बेलापूरला आणि गोव्यात कळंगुटलाही 'द पार्क' आलं. २०१२ मध्ये प्रिया यांना पद्मश्री मिळाली.

मग वारशाचं काय?

तो आहेच. वारशाने त्यांना खुर्ची दिली आणि त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे वेळ. नवी कल्पना रुजायला पाच-दहा वर्षं लागली तरी मालक थांबू शकतो. पगारी मॅनेजरचे आकडे दोन तिमाही घसरले की त्याला जाब विचारला जातो. पण मालकाच्या डोक्यावर कर्ज असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने ९२० कोटी रुपयांचा आयपीओ आणला. त्यातला मोठा हिस्सा कर्जफेडीसाठीच होता.

हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनी हा फरक समजून घ्यायला हवा. पुढच्या वेळी 'सर्वांत तरुण' अशी रील दिसली, की दोन गोष्टी तपासा. ती व्यक्ती मालक आहे की पगारी? आणि खुर्ची मिळाल्यानंतर तिथे नेमकं काय बदललं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नशिबावर अवलंबून असतं. दुसऱ्याचं मात्र कामावर.