पणजीच्या बाजारात पणजी कोठे आहे?

पणजीला येणारा पाहुणा काय पाहतो आणि काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मांडवीच्या काठाने फेरफटका मारावा, चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून घ्यावे, फोंताईन्हासच्या रंगीत गल्ल्यांतून हिंडावे, काजूची चार पाकिटे पिशवीत टाकावीत आणि दिवेलागणीला कळंगुटची वाट धरावी, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. पाहुण्याचे काहीच बिघडलेले नाही. बिघडते आहे ते शहराचे. ज्या इतिहासाच्या ओढीने गिऱ्हाईक येथवर येते, तो इतिहास सांभाळणाऱ्यांच्या पदरात त्या गिऱ्हाइकाच्या पैशांतील फारच थोडा वाटा पडतो.

मांडवी समुद्राला मिळते त्या मुखाशी वसलेले हे शहर एका राजवटीची वा एका धर्माची मिरास नाही. आदिलशहाचा राजवाडा पोर्तुगीजांपूर्वीचा. 1759 मध्ये तेथे व्हाइसरॉयांचे वास्तव्य सुरू झाले आणि मुक्त गोव्याची विधानसभा 2000 सालापर्यंत त्याच वास्तूत भरत होती. टेकडीवरच्या चर्चचा उगम 1541 च्या कपेलात आहे. शहरातील महालक्ष्मीच्या देवळाचा इतिहास 1818 पर्यंत मागे जातो, तर 1832 साली स्थापन झालेल्या ग्रंथालयाची परंपरा आजच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चालू आहे. 1843 मध्ये पणजीला राजधानीचा मान रीतसर मिळाला. एवढे सारे अर्ध्या दिवसाच्या पायी फेरीत पाहता येते, हेच या शहराचे वैशिष्ट्य होय.

बाजार हा या इतिहासाचा शत्रू नव्हे. अष्टमीची फेरी असो वा 8 डिसेंबरचे फेस्त, खरेदीसाठी पणजी गाठणे ही गोमंतकीयांची जुनी सवय आहे. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची जमवाजमव करताना मिरची, आमसुले आणि सुके मासे पारखून घेतले जात. माल कोठला आणि तो कोणाच्या हातचा, हे घेणारा विचारी आणि देणारा सांगे. माल वाईट निघाला तर पुढच्या वर्षी त्याच विक्रेत्याशी गाठ पडणार आहे, हा धाक दोघांच्याही मनात असे. बाजाराची नीती कायद्याने नव्हे, या ओळखीने राखली जात होती.

आजचे गिऱ्हाईक पुन्हा येणारे नाही. पर्यटन खात्याच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये राज्यात आलेल्या पर्यटकांची संख्या 1 कोटीच्या वर गेली. ज्या राज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार होती आणि ज्याच्या राजधानीत त्या वेळी जेमतेम 40 हजार माणसे राहत होती, तेथे ही गर्दी लोटते आहे. एवढ्या गर्दीत ओळख टिकणार कशी? ओळख गेली की उरते ते केवळ नाव, आणि नाव विकणे सोपे असते. काजूचेच उदाहरण घ्यावे. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड गोव्याच्या डोंगरउतारांवर असे रुजले की काजू म्हणजे गोवा हे समीकरणच झाले. परंतु येथल्या बागांचे पीक मागणीला पुरत नाही. आफ्रिकेतून आयात केलेल्या कच्च्या बियांवर प्रक्रिया होते आणि दुकानाच्या फळीवर 'गोव्याचा काजू' या एकाच शब्दप्रयोगात सारे मिसळून जाते. बाहेरचा काजू विकणे हा गुन्हा नव्हे. तो गोव्याचा म्हणून विकणे ही मात्र बागायतदाराची आणि गिऱ्हाइकाची एकाच वेळी केलेली फसवणूक आहे.

याच कारणासाठी भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. काजूच्या फेणीला ते 2009 मध्ये मिळाले. बेबिंका, मानकुराद आंबा आणि काजू यांना 2023 मध्ये मिळाले. पण मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, असा आपला समज झालेला दिसतो. या कायद्याखाली प्रत्येक उत्पादकाने प्राधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. खोट्या नावाने विकणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. परंतु ती अमलात आणण्यासाठी कोणी तरी दुकानात जाऊन पाकीट उलटून पाहावे लागते. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून बाजार शुद्ध होत नसतो.

हीच गत घरांची. फोंताईन्हासमध्ये पावसाळा सरला की भिंतींना नवा रंग देण्याची रीत होती. तो रंग, कौलांची डागडुजी, लाकडी सज्जे या साऱ्याचा खर्च घरमालक सोसतो. त्यातच 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसाहक्कानुसार मुलगे आणि मुली समान वाटेकरी ठरतात. तत्त्व न्याय्यच आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला मुंबईपासून लिस्बनपर्यंत विखुरलेले अनेक मालक असतात आणि छप्पर बदलण्यासाठी सर्वांची संमती जुळवता जुळवता छप्परच खाली येते. घरात माणूस राहतो आहे याचे भान न ठेवता त्याच्या उंबऱ्यावर छायाचित्रांसाठी रांगा लागतात, म्हणून छायाचित्रे काढू नयेत असे फलक लावण्याची पाळी तेथील रहिवाशांवर आली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

पर्यटकांना हाकलावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यावर हजारो घरांची चूल पेटते. आमची मागणी साधी आहे. 'गोव्याचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कच्चा माल कोठला आणि वस्तू कोठे बनली, हे ठळक छापलेले असावे आणि त्याची नियमित तपासणी व्हावी. प्रामाणिक दुकानदाराला यात भिण्याजोगे काहीच नाही. उलट स्वस्त नकलेशी चाललेली त्याची विषम स्पर्धा थांबेल. पाहुणे जेथे पायी हिंडतात तेथे डिचोलीचा कुंभार, खोलाची मिरची पिकवणारी शेतकरीण आणि घरी बेबिंका भाजणारी गृहिणी यांना परवडणाऱ्या भाड्यात बसण्याची जागा मिळावी. जुन्या वस्तीतून मोटारी दूर ठेवाव्यात. आणि पर्यटनातून सरकारी तिजोरीत जे येते, त्याचा एक निश्चित हिस्सा जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. सहमालकांच्या संमतीचा गुंता सोडवण्यास कायदेशीर साहाय्यही त्यातूनच द्यावे.

सरकारने हे करावेच. पण घेणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. बेळगावहून वा इंदूरहून येणाऱ्या मराठी पाहुण्याला दुकानदाराची भाषा परकी नाही. 'हे कोठे बनले आणि कोणी बनवले?' एवढा एक प्रश्न त्याने पैसे मोजण्यापूर्वी विचारावा. ज्या बाजारात हा प्रश्न रोज शंभर वेळा विचारला जाईल, तेथे त्याचे खरे उत्तर तयार ठेवावेच लागेल. नाही विचारला, तर पणजीच्या नावाचे दुकान चालूच राहील. त्यात पणजी मात्र असणार नाही.