काढून टाका ती फटफटी!

घरात म्हातारी मोटरसायकल बाळगणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे कुठलीही पात्रता लागत नाही. तब्येतीचा सल्ला देणारा निदान स्वतः एकदा तरी आजारी पडलेला असतो. घर बांधणाऱ्याला सल्ला देणारा स्वतःच्या कंत्राटदाराकडून पुरेसा नागवला गेलेला असतो. पण मोटरसायकलीच्या बाबतीत ज्याने जन्मात कधी सायकलची उतरलेली चेन बसवली नाही, तोसुद्धा फाटकात उभा राहून, कमरेवर हात ठेवून, "काढून टाका हो ती आता!" असं म्हणू शकतो. आणि म्हणताना सूर असा, की ती गाडी नसून माझी किडकी दाढ आहे.

आमची गाडी १९८६ सालची बुलेट. तिला साडेतीनशे सी.सी.ची म्हणायची पद्धत आहे. खरं माप ३४६. सिलिंडरचा व्यास सत्तर मिलिमीटर आणि पिस्टनची फेरी नव्वद मिलिमीटरची. ज्यांना शाळेतलं वर्तुळ अजून आठवतं त्यांनी गुणाकार करून पाहावा. फेरी रुंदीपेक्षा लांब, म्हणून हे इंजिन घाईने फिरत नाही. सावकाश, एकेक ठोका मोजत ओढतं. घाटात मागे बायको, दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि समोर उसाचा ट्रॅक्टर असताना हा स्वभाव फार उपयोगी पडतो. मूळ घराणं इंग्लंडातल्या रेडिचचं. १९५५ साली मद्रासला संसार मांडला. पुढे सत्तर सालाच्या आसपास विलायतेतला कारखाना बंद पडला, इथला चालूच राहिला, आणि १९७७ पासून इथून तिकडे गाड्या जाऊ लागल्या. माहेरची चूल विझली आणि सासरहून डबा गेला, त्यातला प्रकार. अशा घरंदाज बाईला 'काढून टाका' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

या सल्लागारांत आमचे एक साडू अग्रगण्य. ते हिशेबनीस आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी फराळाच्या ताटाशेजारी वही घेऊन माझ्या गाडीचा ताळेबंदच मांडला. पेट्रोल लिटरला पस्तीस किलोमीटर. तेल बदलणं. वर्षाला एक केबल, दोन वर्षांनी चेन आणि चाक्या. मेस्त्रींची मजुरी. शिवाय "तुमचा वेळ", तासाला अमुक रुपये दराने. रविवारी सकाळी अंगणात बसून मी प्लग घासतो त्या दोन तासांची किंमत साडूंनी लावली. मी त्यांना विचारलं, "तुम्ही त्याच दोन तासांत टीव्हीवर क्रिकेट बघता, ते कुठल्या खात्यात?" त्यावर ते म्हणाले, "ते करमणूक." मग हे काय, श्रमदान?

पण साडूंचा खरा मुद्दा पैशाचा नव्हता. चकली तोंडात असताना त्यांनी तो हळूच काढला: "भाऊसाहेब, नवी गाडी बिघडत नाही हो!"

इथेच माझं आणि जगाचं वाकडं आहे. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने गाडीला विचारायचा प्रश्न 'तू बिघडतेस का?' हा नव्हेच. प्रश्न असा विचारायचा: 'बिघडलीस, तर तुला चालू कोण करणार, आणि कुठे?' शहरात पहिला प्रश्न पुरतो, कारण दुसऱ्याचं उत्तर कोपऱ्यावर दुकान थाटून बसलेलं असतं. बेळगावहून गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटात ते नसतं.

चोर्ल्यातच आम्हाला एक तरुण भेटला. गाडी नवी, कोट नवा, कोटाला कोपरावर, खांद्यावर, पाठीवर कवच. महाभारतातला कर्ण घाटात उभा असावा असा. गाडीच्या तोंडावर एक पिवळा दिवा लागला होता आणि गाडी बंद होती. "काय झालं?" म्हटलं. तो म्हणाला, "सेन्सरचं काहीतरी आहे. ते त्यांच्या कॉम्प्युटरला कळतं." कॉम्प्युटर बेळगावात होता, आणि मोबाइलला रेंज नव्हती. पाच वर्षांत गाडी एकदाही बंद पडली नव्हती, असं त्याने मला दोनदा सांगितलं, आणि ते खरंच असणार. माझी पाच वर्षांत अकरा वेळा पडली (नोंद आहे, वही ही ठेवते). पण माझी अकरा वेळा पडून अकराही वेळा त्याच दिवशी, स्वतःच्या चाकांवर मुक्कामाला पोचली. त्याची एकदाच पडली आणि टेम्पोत बसून परत गेली.

कुंभार्ली घाटात आमची क्लचची केबल तुटली तेव्हाची गोष्ट ऐका. केबल ही तुटायचीच वस्तू आहे. बुटाची नाडी तुटते तशी. फरक एवढाच, की शहाणा माणूस दुसरी नाडी आधीच ओवून ठेवतो. जुनी केबल जिथून जाते तिथूनच दुसरी, दोन्ही टोकं मोकळी ठेवून, घरीच बांधून टाकायची. तुटली की टोकं बदलायची, ताण लावायचा, चालू पडायचं. वीस मिनिटं लागली, आणि त्यांतली दहा थर्मासातल्या चहाची.

लांबच्या प्रवासाला सुटे भाग न्यावेत, हे सगळेच सांगतात. कसे न्यावेत, ते कोणी सांगत नाही. नवा कोरा कंडेन्सर पुडक्यासकट पिशवीत टाकून निघणारा माणूस म्हणजे न वाजवून बघता नारळ आणणारा. हल्ली बाजारात नकली माल इतका, की पुडकं अस्सल आणि आतला माल दत्तक अशी स्थिती. म्हणून नवा भाग घरीच गाडीला लावायचा, त्यावर शंभर-दोनशे किलोमीटर फिरायचं, आणि तो नीट चालतो म्हटल्यावर काढून, पुसून, तो न्यायचा. पिशवीत परीक्षा पास झालेलेच उमेदवार पाहिजेत. टॅपेट निघायच्या आदल्या सकाळी, इंजिन गार असताना, ही बघते. झडप मिटलेली असताना पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. फिरला पाहिजे, पण वर-खाली खुळखुळता कामा नये. तंबोऱ्याची जवारी लावण्यात हिची तीस वर्षं गेलेली, त्यामुळे दोरा किती सरकवायचा आणि नट किती फिरवायचा हे दोन्ही तिला एकाच बोटाने कळतं. मला तेवढं कळत नाही. मी टॉर्च धरतो.

आता जुन्या गाडीचे पुजारी टाळ्या पिटायला उठले असतील, तर त्यांनी बसून घ्यावं. नव्या गाडीचे ब्रेक चांगले असतात. २०१९ पासून सव्वाशे सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली, ते उत्तम झालं. आमच्या ड्रम ब्रेकना थांबायच्या आधी थोडा विचार करावा लागतो. म्हणून मी साठाच्या वर जात नाही आणि दिवेलागणीनंतर चालवत नाही. लेह-लडाखच्या उंचीवर हवा विरळ झाली की कार्बोरेटरवाली गाडी पेट्रोल जास्त आणि हवा कमी पिऊन ढेकर देत चढते. नव्या गाडीचं इंजेक्शन आपलं आपण प्रमाण सांभाळून घेतं. धुराच्या बाबतीतही माझी म्हातारी नव्या पिढीपुढे उभी राहू शकत नाही. हे सगळं मला मान्य आहे. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने सोनाराकडे तरी जावं. मेस्त्रीकडे येऊ नये.

त्या पुजाऱ्यांशीही माझं भांडण आहेच. त्यांतले एक जण गाडी मखमली आच्छादनाखाली ठेवतात आणि गणपतीसारखी वर्षातून एकदा बाहेर काढतात. दुसरे सायलेन्सर बदलून तिचा असा आवाज काढतात, की सगळ्या आळीतली तान्ही मुलं एका वेळी उठावीत. मूळचा ठोका कसा, देवळातल्या चौघड्यासारखा, दुरून ऐकू यावा आणि जवळ त्रास नसावा असा. त्याचा यांनी लग्नाच्या वरातीतला डीजे केला. तिसरे त्याहून थोर. ते गाडीला हॉटेलाच्या भिंतीवर टांगतात. आमच्याकडे असे एक गृहस्थ येऊन गेले. हायवेवर 'जुन्या जमान्याचं' हॉटेल काढतायत. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "इंजिन नसलं तरी चालेल हो. उलट वजन कमी होईल." दीड क्विंटलच्या वरचा हा ऐवज भिंतीला पेलणार नाही, ही त्यांची चिंता होती. म्हणजे पोटातलं सगळं काढायचं आणि कातडं टांगायचं. वाघांच्या बाबतीत हे बेकायदा आहे.

सरकारची तऱ्हा आणखी वेगळी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तिला तपासणीला उभं करायचं, पर्यावरण कर भरायचा. याला माझी ना नाही. माणसांनाही साठीनंतर तपासण्या असतातच. पण २०२१ साली गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याच दिल्लीने ग्राहकांच्या 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक संकेतस्थळ काढलं, ज्यात वाहनंही आहेत. एका खिडकीवर 'मोडा' आणि शेजारच्या खिडकीवर 'दुरुस्त करा'. मधल्या बाकावर मी पिशवी घेऊन बसलोय. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या आणि वायसर त्याच्याशी जमवून घेत नाहीत; फुगतात, चिरतात. शिवाय ते पाणी ओढतं. म्हणून नळ्या बदलायच्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा. उसाच्या शेतकऱ्याचं भलं होत असेल तर आम्ही तेवढं करू. पण साध्या पेट्रोलचीही एक नळी पंपावर ठेवली असती, तर कोणाचं काय गेलं असतं?

साडूंच्या वहीत एक रकाना मात्र राहून गेला. तो आमच्या मेस्त्रींचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. मग एक नाव घेतात: "बेअरिंग." उघडून बघावं तर बेअरिंगच. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि आता दुकानाची जागा बिल्डरने मागितली आहे. मुलगा एका मोठ्या शोरूममध्ये लागला. त्याच्यासमोर लॅपटॉप असतो. तो गाडीला वायर जोडतो आणि तुला काय होतंय म्हणून गाडीलाच विचारतो. चांगली सोय आहे. पण तो लॅपटॉप शोरूमचा, त्यातलं कुलूप कंपनीचं, आणि मुलगा नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकेल त्या दिवशी त्याच्या हातात फक्त वायर राहील. बापाच्या हातात निदान स्क्रू ड्रायव्हर होता, आणि तो त्याच्या मालकीचा होता. सोलापूर-विजापूरच्या रस्त्यावर, आंबोलीच्या अलीकडे, कोकणात तर प्रत्येक फाट्यावर अशी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणारी माणसं होती. त्यांच्या भरवशावर लोक बायकामुलांना मागे बसवून पाचपाचशे किलोमीटर निघायचे. गाड्या भंगारात घालाल तेव्हा ही माणसं कुठे घालणार, ते धोरणाच्या कागदात मला कुठे सापडलं नाही.

"पण मग एवढी किक कोण मारणार या वयात?" हा साडूंचा शेवटचा बाण. त्यांना वाटतं किक म्हणजे ताकद. किक म्हणजे अदब. चावी लावून किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत जायचं, डावीकडचा डीकॉम्प्रेसर ओढून किंचित पुढे सरकायचं, तो सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकदाच, पूर्ण. हे न करता नुसता जोर लावला तर ती उलट लाथ मारते, आणि ते योग्यच आहे. साडूंनी एकदा हट्टाने गाडी चालवायला मागितली होती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. फाटकापर्यंत जाईतो त्यांनी तीनदा गिअर समजून ब्रेक दाबला आणि चौथ्यांदा ब्रेक समजून गिअर. तुळशीवृंदावन वाचलं. गाडी उसनी मागायला नात्यातलं कोणी येत नाही, हा फायदा ताळेबंदात जमेला धरावा, असं मी त्यांना तेव्हाच सुचवलं होतं.

डिसेंबरात आम्ही निघतोय. भोरवरून वरंध घाटाने महाड, मग किनाऱ्याकिनाऱ्याने गोकर्ण, येताना चोर्ला. केबल ओवून झाली आहे. हिने टॅपेट बघायची तारीख वहीत लिहिली आहे. पॉइंटची फट तेवढी मी बघतो. ती साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते, आणि त्यासाठी असलेली माझी पोलादी पट्टी गेल्या पावसाळ्यात गंजली. पण अडलं नाही. त्या हॉटेलवाल्या गृहस्थांनी जाताना 'विचार बदलला तर कळवा' म्हणून आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं होतं. उंची कागद, सोनेरी अक्षरं. फटीत अगदी बरोब्बर बसतं.